सलोख्याच्या पंगती आणि सोनुबाई

पाहुणे येणार म्हटलं की सोनुबाईच्या कपाळाला आठी पडायची, आणि १९४८च्या उन्हाळ्यात पाहुणे फार झाले.

हेदगाव कर्जतच्या अंगाला, पाथरवली खालापूरच्या. मधे डोंगराची एक सोंड आणि तिच्यावर ऐनाची झाडं. भाताचं रोप टाकायचं त्या जमिनीवर आधी पालापाचोळा आणि फांद्या पसरून भाजायच्या, त्याला राब म्हणतात. राबासाठी पानांसकट फांद्या, म्हणजे टहाळ, दोन्ही गावं याच सोंडेवरून तोडत. हद्द कुठून जाते हे दोन्हीकडचा प्रत्येक पुरुष छातीठोक सांगे आणि प्रत्येकाची हद्द वेगळी निघे. त्या माघात हद्दीवरून मारामारी झाली. इकडच्या एकाचं डोकं फुटलं, तिकडच्या एकाचा हात मोडला. दोन्ही गावांनी एकमेकांकडची ये-जा बंद केली. एकमेकांचं पाणीसुद्धा प्यायचं नाही असं ठरलं.

सोनुबाई पाथरवलीची लेक आणि हेदगावची सून. तिची स्वतःची लेक शकू पाथरवलीत दिलेली. शकू पहिल्या बाळंतपणाला आईकडे आली, मुलगा झाला, आणि परत जायची वेळ आली तेव्हा वाट बंद होती. तिचा नवरा धाकलू बारशालाही येऊ शकला नाही. पाथरवलीचा म्होरक्या वाल्मिक याने तर धाकलूच्या घरी सरळ निरोप धाडला होता, "आवणीच्या आत हेदगावानं माघार घेतली नाय तर पोराला दुसरी बघा. आपल्या गावात मुली काय कमी नाय."

तो निरोप हेदगावात पोचल्यापासून सोनुबाईला एकच लागून राहिलं होतं: पाऊस लागून आवणी, म्हणजे भातलावणी, सुरू व्हायच्या आत शकू आपल्या घरी गेली पाहिजे.

म्हणून हेदगावच्या आबाजीने बोलणी करायला पाथरवलीत जायचं ठरवलं, तेव्हा तिला हायसं वाटलं. आबाजी नात्याने तिचा चुलत दीर, गावातला मोठा माणूस. मंडळी सकाळी निघाली आणि दुपारी तोंडं पाडून परत आली.

"काय झालं, भावजी?" डोक्यावरचा पदर सारखा करत तिने विचारलं.

"त्यांना बोलायचंच नाय. आमी बसलो न बसलो तोच त्यांची तोंडं फिरली."

"तुमी बसलात कसे?"

"बसलो कसे म्हंजे? मांडी घालून!"

तिचा नवरा हिरू गेलेल्यांत होता. त्याच्याकडून तिने सगळं काढून घेतलं. या भागातला शेतकरी घराबाहेर पडताना कमरेला लाकडी आकडी बांधतो आणि आकडीत कोयता अडकवतो. टोपी घालावी तसा. मंडळी तशीच गेली होती. खाली बसताना कोयता पाठीला टोचतो, म्हणून प्रत्येकाने सवयीप्रमाणे तो काढला आणि शेजारी ठेवला. वाल्मिकच्या ओटीवर, सलोख्याला आलेल्या पाहुण्यांपुढे, कोयत्यांची रांग लागली.

"आणि तुमच्यातल्या एकाच्याबी डोक्यात आलं नाय?"

"अगं, कोयता तो. त्यात काय डोक्यात यायचं?" हिरू म्हणाला. तो खरंच बुचकळ्यात पडला होता.

दुसऱ्याच दिवशी सोंडेवर हेदगावचा टहाळ कुणीतरी पेटवून दिला.

मग पाथरवलीची मंडळी परतभेटीला आली. रिवाजच होता तसा. न येणं म्हणजे भ्यालो असा अर्थ झाला असता. पाणी बंद असलं तरी सोनुबाईच्या हातचं दोन्ही गावांना चालत होतं. एकांची ती लेक, दुसऱ्यांची सून. त्यामुळे बैठक तिच्याच ओटीवर आणि पंगतही तिच्याच घरी. तिने वाल सोलले, बिरडं केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. शकू पोराला पाजता पाजता आतून विचारत होती, "आये, ते आलेत काय गं?"

ते म्हणजे धाकलू. तो आला होता, पण त्याला आत येऊ दिलं नव्हतं. बोलणी होईपर्यंत बायकोचं तोंड बघायचं नाही, असं वाल्मिकने बजावलं होतं. आला होता तो इतरांसारखाच कोयता घेऊन. या खेपेला पाथरवलीने मुद्दाम कोयते आणले होते, तेही पाजळून. आणि हेदगावकरांनी, पाहुणे तसे येणार हे ओळखून, आपले मांडीवर घेतले होते.

सोनुबाई भाकऱ्यांची पाटी घेऊन बाहेर आली आणि जागीच थांबली.

"वाल्मिकदादा, हे खुंटीला लावा आधी."

"आधी त्यांना लावू दे, सोने."

"भावजी, तुमी तरी."

"पाहुण्यांनी आधी लावावं. ओटी आपली हाय."

तिने पाटी खाली टेकवली. भाकरी वाढली. दोन्ही गावं उजव्या हाताने जेवली आणि डावा हात कोयत्यावर ठेवला. बिरडं सगळ्यांनी मागून घेतलं. हद्दीचा विषय निघाला तो पान उचलताना, आणि निघाल्या निघाल्या वाल्मिक उभा राहिला. त्या आठवड्यात सोंडेवर दोनदा हाणामारी झाली.

तिसऱ्या भेटीला कोयते आणायचे नाहीत असं ठरलं. कुणीही आणले नाहीत. पण मोकळ्या कमरेने बसलेला माणूस समोरच्याच्या मोकळ्या कमरेवर विश्वास ठेवीना. धोतरात काही खोवलंय काय, हे बघण्यातच अर्धी सकाळ गेली. शेवटी कुणीतरी कुणाचं धोतर चाचपलं. यापुढचं सांगायला नको.

हेदगावचे मास्तर कर्जतहून वर्तमानपत्र आणत आणि पारावर वाचून दाखवत. दोन नव्या देशांचे मंत्री एकमेकांना भेटले, हस्तांदोलनं झाली, मेजवानी झाली, असं एके दिवशी त्यांनी वाचलं. सोनुबाई पाण्याला चालली होती, ती थबकली.

"मग मिटलं काय, मास्तर?"

"मिटलं असं नाही. पुढच्या भेटीचं ठरलंय."

"रांधणारीचा जीव गेला म्हणा," ती म्हणाली आणि पुढे गेली.

वैशाख सरत आला तसा आबाजी चौथ्या भेटीचं घेऊन दारात उभा राहिला. "वहिनी, सोमवारी पाथरवली येणार. या खेपेला मिटवूनच सोडतो."

"भावजी, या खेपेला मी रांधणार नाय."

"असं काय करता? पोरीचा तरी विचार करा."

"तोच करतेय. तुमी भेटलात की डोकी फुटतात. गेल्या पंधरवड्यात कोण कुणाकडं गेलं नाय, तर सोंडेवर एक काटकी मोडली नाय. तुमी घरी बसा. हातात काम नसंल तर टोपल्या विणा."

आबाजी लालबुंद झाला. हिरूने बायकोच्या वतीने माफी मागितली आणि आत येऊन तिच्यावर ओरडला. पण रांधणारी नाही, म्हणून भेट रद्द झाली. शकूच्या अंगावर पोर, आणि बाकी कुणाच्या हातचं दुसऱ्या गावाला चालत नव्हतं.

सोनुबाईचं म्हणणं अर्धंच खरं होतं. सोंड शांत होती त्याचं दुसरं कारण तिलाही ठाऊक होतं. बंदी पुरुषांनी घातली होती आणि पाळतही तेच होते. पाला गोळा करणाऱ्या बायका रोज त्याच झाडांखाली एकमेकींना भेटत होत्या. भारा डोक्यावर चढवायला दुसरा हात लागतो, तो कुठल्या गावचा हे कुणी विचारत नसे. शकूची सासू इंदूबाई सोनुबाईला तिथे दिसायची. दोघी बोलायच्या नाहीत, लाजेने. भारा मात्र उचलून द्यायच्या.

भेट रद्द झाल्याच्या दुसऱ्या सकाळी सोनुबाई सोंडेवर गेली ती शकूला आणि नातवाला घेऊन. इंदूबाई पाला ओढत होती. पोराला बघून तिच्या हातातलं सुटलं.

"माझ्या धाकलूचं नाक हाय गं," ती म्हणाली. मग ओल्या डोळ्यांनीच फणकारली, "इतके दिवस दाखवलं नाय ते!"

"मिटवायला पुरुष बसले व्हते ना, इंदूबाई. घेऊन जा. आता. कुणाला विचारू नका."

"वाल्मिकभाऊ गाव डोक्यावर घेतील."

"घेऊ देत. दुसरी बघायला निघालेत ना, त्यांना म्हणावं पहिली घरात हाय."

इंदूबाईने क्षणभर पलीकडच्या उताराकडे पाहिलं. मग आपला भारा तिथेच टाकला, नातवाला खांद्यावर घेतलं आणि चालू लागली. शकू दोन पावलांवर वळली, आईच्या पाया पडली, आणि सासूला गाठायला पळतच गेली.

गहजब व्हायचा तो झाला. वाल्मिकला न विचारता सून आली, आबाजीला न विचारता गेली. दोन्ही गावांचा सारखाच अपमान झाला होता, आणि त्यावर हेदगाव आणि पाथरवली यांचं माघापासून पहिल्यांदा एकमत झालं. सोंडेवर उभ्या उभ्या ठरलं, की या बाईला दोन्ही गावांसमोर जाब विचारायचा. धाकलूच्या घरी मात्र कुणी गेलं नाही. इंदूबाई दारात बसून नातवाला तेल लावत होती, तिला उठवणार कोण?

दोन दिवसांनी आबाजी पुन्हा ओटीवर आला. या खेपेला बसला नाही.

"वहिनी, सोमवारी पाथरवलीची माणसं येणार. तुमची बैठक हाय."

"येऊ दे."

आबाजी हलेना. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"काय, भावजी?"

"माणसं उन्हाची चालून येणार," तो अंगणाकडे बघत म्हणाला. "जेवणाचं काय करायचं?"

सोनुबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सोमवारी मी लेकीकडं चाललेय," ती म्हणाली. "नातवाला बघायला. पाथरवलीला."