बघीन, पण हात लावणार नाही

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. मी ड्रॉइंग मास्तर आहे. समोर असेल ते काढायचं, नसेल ते काढायचं नाही, हे पुण्यातल्या पोरांना शिकवण्यात माझी हयात गेली. आमच्या आळीत कुणाच्या अंगात आलं की मी आधी खिशातलं घड्याळ काढतो — किती मिनिटांत उतरतं ते बघायला. भूत, भानामती, चकवा... साऱ्यांची मी यथेच्छ टिंगल केलेली आहे. अशा माणसाने अद्भुत अनुभवांच्या या सदरात लिहावं याचं मलाच हसू येतंय.

मला वेड एकच, जंगलांचं. देशातली मोठमोठी रानं एकदा डोळ्यांखालून घालायची आणि तिथली जनावरं कागदावर उतरवायची. सुट्टी लागली की स्केचबुक घेऊन निघायचो. मेळघाट झाला, दांडेली झाली, एकदा तर पार मध्यप्रांतात जाऊन आलो. गवे पाहिले, अस्वल पाहिलं. वाघ मात्र नाही. त्याचे पंजे पाहिले, त्याने ओरबाडलेली झाडं पाहिली, पण मालकाचा पत्ता नाही. दर सुट्टीनंतर स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला, "काय मास्तर, वाघ दिसला का?" आणि मग चहाबरोबर माझी थट्टा.

जर्मनीशी दुसरी लढाई सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची दिवाळी असेल. लांब जाण्याइतकी सुट्टी नव्हती. म्हटलं, घराजवळचं मावळ तरी पुन्हा बघू. कामशेतला गाडीतून उतरलो आणि वडिवळ्यावरून डोंगराच्या अंगाने दोन तास चालत एका वाडीवर गेलो. नाव मुद्दाम लिहीत नाही. सात-आठ घरं, खाली पिकलेला भात, वर आईन-हिरड्याचं रान आणि मध्ये कारवी. आदल्या वर्षी शेकरू काढायला गेलो होतो तेव्हा वाडीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या आबांनी ओसरीवर जागा दिली होती, या वेळीही दिली. पण वाडी गप्प गप्प होती. पाऊस सरता सरता वरच्या रानात एक वाघ येऊन राहिला होता आणि त्याने दोन गुरं नेली होती. वाघ म्हणायचं नाही हं तिथे — मोठं जनावर म्हणायचं.

आणि मी पोचलो त्याच संध्याकाळी ठकूमावशींची चांदी परत आली नाही. ठकूमावशी आबांच्या शेजारी एकट्या राहत. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. चांदी ही त्यांची एकुलती एक गाय, दिवस भरलेली. आदल्या वर्षी तिने माझ्या हातचा गूळ खाल्ला होता आणि वर स्केचबुकाचं एक पानही खाल्लं होतं. बाकीची गुरं आली, ती आली नाही. मावशी दिसेनासं होईपर्यंत बांधावर उभ्या राहून तिला हाका मारत होत्या. जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी वाघबारस. आपल्याकडे वसुबारसेला संध्याकाळी गाय-वासरू पुजतात, तिथे त्याच दिवशी सकाळी हा कार्यक्रम असतो. वाडीच्या वर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे, तिथे खीर शिजते. एकाला वाघ करतात — अंगाला हळद, त्यावर काजळीचे पट्टे. तो दगडापाशी चार पायांवर बसतो. आमच्या गुरांत येशील का, असं वडीलधारा विचारतो. वाघ म्हणतो, न्हाई येणार. मग सगळे काठ्या आपटत त्याला शिवेपलीकडे हाकलतात. त्याने तडक ओढ्यावर जाऊन रंग धुवायचा आणि दुसऱ्या वाटेने, माणूस होऊन, घरी यायचं. एक नियम मात्र पक्का. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याने वाघ व्हायचं नाही. दोन्हीकडून बोलणारा माणूस चालत नाही, असं आबांचं म्हणणं. दरवर्षी वाघ होणारा गेनू रेल्वेच्या गँगमध्ये होता, त्याच्याकडे शेळीसुद्धा नव्हती. त्या वर्षी नेमका त्याचा गुडघा सुजला. बाकी प्रत्येकाकडे काही ना काही होतंच. तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला काय, गंमतच वाटली. पट्टे मी स्वतःच काढले, आरशात बघून. मास्तरकी जाते कुठे? गेनू म्हणे चार रेघोट्या ओढून मोकळा व्हायचा. मी कपाळावरच्या खुणांपासून पोटऱ्यांपर्यंत सगळं जिथल्या तिथे काढलं, पाठीवरचं आबांकडून सांगून सांगून काढून घेतलं.

निघायच्या आधी ठकूमावशी जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "मास्तर, नीट बोला. माझी चांदी भाईर हाय."

मी मान हलवली. आणि तरीही माती खाल्ली.

आबांनी विचारलं, येशील का आमच्या गुरांत? समोर अख्खी वाडी, मी रंगात आलेला, आणि रानात जाऊन जनावरं नुसती बघायची हा तर माझा जन्माचा छंद... तोंडून निघून गेलं, "बघीन, पण हात लावणार नाही."

कुणी हसलं नाही. मावशींनी पदर तोंडाला लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बोललेलं परत कसं घेणार? आबा पुढे आले.

"बोललास ते बोललास," ते म्हणाले. "आता त्येच पाळ."

एरवी ते मला अहोजाहो करत. त्या वेळी ते माझ्याशी बोलत नव्हते, वाघाशी बोलत होते.

मग काठ्या आपटल्या, ओरडा झाला, मी पळत सुटलो. शिवेचा दगड ओलांडला तसे मागचे आवाज थांबले. ओढा डावीकडे होता. मी उजवीकडे वळलो. लाज वाटली होती म्हणून म्हणा, पण मनात आलं की आता चांदीला शोधल्याशिवाय मावशींना तोंड दाखवायचं नाही. सकाळचे नऊ वाजले असतील. पायात काही नव्हतं आणि गवतावर अजून दव होतं.

वीस पावलं गेलो नसेन, तोच वानरं खोकायला लागली. ज्यांनी रान पाहिलंय त्यांना ठाऊक आहे — वानर तसं खोकलं की समजायचं, वाघ नाहीतर बिबट्या जवळ आहे. मी दचकून मागे पाहिलं, काही नाही. पुढे गेलो तर पुढच्या झाडावरची खोकायला लागली. मग वर कारवीत भेकर भुंकलं, आणि तिथून तर मी दिसणंच शक्य नव्हतं. मी थांबलो की सगळं थांबायचं, निघालो की पुन्हा सुरू. एका उंबराच्या फांदीला शेकरू चिकटून बसलं होतं, हाताच्या अंतरावर, पापणीही न हलवता. मेळघाटात आठ-आठ दिवस बसूनही जे इतक्या जवळून दिसलं नव्हतं ते मी पाहत होतो. मग उशिरा का होईना, डोक्यात प्रकाश पडला. हे सगळे मलाच वाघ समजून ओरडत होते.

खरं सांगू? भीती पळाली. भयंकर कुतूहल वाटायला लागलं. पट्टे इतके हुबेहूब जमले की काय, असा थोडा अभिमानसुद्धा वाटला.

तेवढ्यात चिकाचा वास आला, कच्च्या, गरम दुधाचा. वारा पडलेला होता, तरी तो कुठून येतोय ते मला नेमकं कळत होतं आणि पाय तिकडेच निघाले. एका झऱ्याच्या ओलीला, कारवीच्या जाळीत चांदी उभी होती. पायाशी नुकतं जन्मलेलं ओलं वासरू उठायची धडपड करत होतं. मी खाली बसलो. चांदीने मला पाहिलं. माझ्या हातचा गूळ खाल्लेली ती गाय... तिने मान खाली घालून शिंगं रोखली, आणि चारही पाय थरथरत होते. किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. मग उठलो, वळलो आणि ओढ्यावर जाऊन अंग घासून घासून धुतलं. रान एकदम शांत झालं.

वाडीत येऊन सांगितलं तशा मावशी पुढे धावल्याच. मागून आबा आणि मी. शिवेच्या दगडापाशी पाणी झिरपून चिखल असतो. दगडाच्या अलीकडे माझी अनवाणी पावलं होती, पळताना बोटं रुतलेली. दगडाच्या पलीकडे पंजे होते, मोठ्या जनावराचे, अगदी ताजे. आबांनी खाली बसून बोटाने एका पंजाची कड चाचपली.

"मास्तर, तुमी कुटून गेलता?"

"इथूनच की."

"मंग तुमची पावलं कुटं हायती?"

नव्हती. पंजे उजवीकडे वळले होते, जिथे मी वळलो होतो. उंबराखाली थांबले होते. झऱ्यापाशी, चांदीपासून दहा पावलांवर, ओल्या मातीत बसल्याची खूण होती. तिथून ते ओढ्याकडे गेले होते. ओढ्याच्या दुसऱ्या काठावर पुन्हा माझी पावलं, वाडीकडे येणारी.

मावशी वासराला पदराने पुसत होत्या. त्यांनीही ती बसल्याची खूण पाहिली होती. "बघून गेला," एवढंच म्हणाल्या. चांदीने पुढे येऊन माझा हात हुंगला आणि चाटला.

फॉरेस्ट खात्यातला माझा एक मित्र म्हणतो, वाघ तुझ्या मागोमाग तुझ्याच पावलांवर पाय देत आला असेल, वानरंही त्यालाच ओरडली असतील. असेलही. पण माझी एकसुद्धा टाच कुठे राहू नये? आणि दोन गुरं नेणारा वाघ नुकत्याच व्यायलेल्या गाईसमोर बसून उपाशी उठून गेला, तो कशासाठी?  ते पंजे मी जागेवर बसून कागदावर काढून घेतले आहेत, कुणाला हवे तर दाखवीन.

त्यानंतर त्या वाडीतलं एकही जनावर गेलं नाही. मात्र दिवाळीच्या सुमारास मावशींच्या गोठ्यापाशी पंजे उमटतात, दारापर्यंत येतात आणि वळून जातात. चांदीची ती कालवड आता स्वतः व्यालीय. वाघबारशीला पुन्हा गेनूच वाघ होतो, पण आबांनी त्याचं उत्तर बदलून टाकलंय. तोही आता म्हणतो, बघीन, पण हात लावणार न्हाई. स्टाफरूममध्ये अजून विचारतात, वाघ दिसला का? मी नाही म्हणतो. खरंच दिसलेला नाही.

एक गोष्ट मात्र मी आबांना सांगितली नाही, मावशींना तर नाहीच. तुमच्यापैकी कुणाला उलगडा होत असेल तर जरूर कळवा, मला आजतागायत झालेला नाही. मी जन्मात कधी मांस खाल्लेलं नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. पण त्या जाळीत चांदीसमोर बसलो होतो ना, तेव्हा त्या ओल्या वासराकडे बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. दया येऊन उठलो असं म्हणालो तर ते खोटं होईल. शब्द दिला होता, म्हणून उठलो.