आपल्याहून लहान साक्षीदार

आमच्या मोठ्या मामाजींइतकी दुसऱ्याच्या मरणाची काळजी वाहणारा माणूस सिंदी मेघेपासून समुद्रपूरपर्यंत झाला नसेल. ते माझे चुलत सासरे. कोणीही साठीचं भेटलं की रामराम झाल्याबरोबर विचारत, "मृत्युपत्र केलं काय?" एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांनी नवरदेवाच्या आजोबांनाच विचारलं. आजोबा चिडले, "लग्नात काऊन असं अभद्र बोलता?" मामाजी वरणभात कालवत म्हणाले, "अभद्र काय त्याच्यात? पोरं सारे एका जागी बसले आहेत, आताच सांगून टाका." बँकेत बायकोचं नाव लावलं म्हणून कोणी निश्चिंत असला, तर त्याला ते समजावत, "नॉमिनी म्हणजे राखणदार, बाप्पा. वावराचा राखणदार मालक होते काय?" आजाऱ्याला भेटायला जाताना लोक संत्री नेत, हे कोरे कागद नेत. त्यामुळे मामाजी गल्लीत दिसले की तापानं फणफणलेला माणूसही उठून बसे आणि खिडकीतून ओरडे, "ताप उतरला माया! तू घरी जाय!"

त्यांच्या स्वतःच्या घरात मुलगा पुलगावला नोकरीवर, आणि सासर सुटलेली मुलगी त्यांच्याजवळ. आम्ही तिला ताई म्हणतो. घरामागच्या वाडीत वांगी, मेथी लावून ती बाजारात विकायची आणि बापाला सांभाळायची. ती वाडी तिला मिळावी, आपल्यामागं तिला कोणी हाकलू नये, एवढ्यातच त्यांचा जीव अडकला होता. लोकांना ते बजावत, "साक्षीदार आपल्याहून लहान पाहिजे. आपल्यामागं सांगायले तो उरला पाहिजे न!" पण स्वतःच्या वेळी त्यांच्यानं हे झालं नाही. लहान पोरांना बोलावलं तर सोबतचे म्हातारे रुसत. मग साक्षीदार म्हणून त्यांचे जुने मित्रच. त्यातला एक गेला की मामाजी घाटावरून येऊन आंघोळ करत आणि म्हणत, "आता मृत्युपत्र नवं करा लागते." नव्यातही पुन्हा एखादा म्हाताराच. असं करता करता मित्रच संपले.

शेवटचा गेला त्या दिवशी ते आमच्या ओट्यावर येऊन टेकले. मग म्हणाले, "सूनबाई, तुले सही येते न?"

"चौथीपर्यंत शिकली मी," मी दाराआडून म्हणाले.

"बस झालं. तू टिकजो फक्त."

दुसरा साक्षीदार चक्कीवाला भाऊ. मामाजी शुद्धीत आहेत अशी डॉक्टरची चिठ्ठी आणली होती. मामाजींनी आमच्यादेखत सही केली, मग आम्ही.

त्यांच्या तेरवीला कागद वाचला. चक्कीवाला भाऊ नेमका जावयाकडे गेला होता. मुलगा म्हणाला, "बाबाच्या डोक्यात काय राह्यलं होतं शेवटी? ताईनं करून घेतलं हे." ताई खाली मान घालून बसली. मी मोठ्यांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर घट्ट धरून म्हणाले, "डोकं ठिकाणावर होतं, भाऊजी. सही करायच्या आधी मले म्हणाले, चहात साखर कमी आहे, सासूनं तुले हेच शिकवलं काय?"

सगळे हसले. भाऊजीही हसले आणि हसता हसता रडायला लागले. बाप असाच बोलायचा, हे त्यांना ठाऊक होतं. वाडीचा विषय मग कोणी काढला नाही.

परवा मला ताप आला. ताई वाडीतली मेथी घेऊन आली, उशाशी बसली. मी मात्र पडल्या पडल्या गल्लीकडे पाहत होते. उठून बसावं असं कोणी येताना दिसलं नाही.