बंद तोंडाची नळी

नात ओसरीवर बसून नळीतल्या आवाजाची गणितं सोडवत होती. म्हणाली, "आबा, नळीचं खालचं तोंड बंद केलं की आवाज जाड होतो."

"काहीतरीच! वाट अडवली की आवाज चिरकणारच. जन्मभर पावा वाजवलाय मी, मला शिकवू नकोस."

"मग फुंका की! घाबरता कशाला?"

घरात भोकं न पाडलेली बांबूची नळी होती, ती मी काठावरून फुंकली. मग खाली तळहात दाबून फुंकली. आवाज खरंच खाली उतरला, घागरीत बोलल्यासारखा. माझ्याच बांबूत इतका खोल सूर बसला होता आणि मी त्याला कधी दार लावून पाहिलं नव्हतं. मोकळं ते चांगलं, एवढंच धरून बसलो होतो.

चुकलो असं काही मी म्हणालो नाही. तिनंही म्हणवून घेतलं नाही. पुढचं गणित मात्र ती मोठ्यानं वाचायला लागली, मला ऐकू येईल असं.