माधवनगरच्या गोदामातली वटवाघळं

पलूसच्या कॉलेजात मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. नैसर्गिक निवडीचा धडा आला की वटवाघळाचं उदाहरण ठरलेलं: अंधारात ते आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून उडतं. मागच्या वर्षी वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही बघितलंय का?" बघितलं नव्हतं. म्हणून एका रविवारी दुपारी माधवनगरला गेले. तिथल्या बंद कापडगिरणीच्या गोदामात वटवाघळं होती.

तिथले राखणदार चाचा पूर्वी त्याच गिरणीत मागावर होते. त्यांनी गोदामाचं शटर अर्धं उचलून दिलं आणि ते चहाला गेले. उजेडानं वटवाघळं बुजू नयेत म्हणून मीच आतून शटर खाली ओढलं. ते खाडकन बसलं ते बसलंच. फोन बाहेर, स्कूटीच्या डिकीत.

आधी जोर लावून बघितला. मग हाका मारल्या. लेंड्यांच्या उग्र वासानं घसा जळत होता. दुसरीकडे दार असेल म्हणून चार पावलं टाकली, तर कपाळ लोखंडी खांबावर आपटलं. चाचपडत परत शटरपाशी आले आणि खाली बसले. वर कितीतरी पंख फडफडत होते. गालाजवळून वारा जायचा, पण एकाचाही धक्का लागला नाही. त्यांचं ओरडणं माझ्या कानाला कळतही नव्हतं, इतका बारीक तो आवाज.

ज्यांना प्रतिध्वनी जरा जास्त कळला ती जगली, त्यांची पिल्लं वाढली, असं मी दरवर्षी शिकवते. बाकीच्यांचं काय झालं, ते एका वाक्यात उरकते. ती अशीच कुठंतरी आपटली असणार, उपाशी राहिली असणार. कपाळाला हात लावला तर बोटं ओली झाली. मग मात्र मी दोन्ही मुठींनी शटर बडवत सुटले.

शेवटी ते करकरत वर गेलं. समोर चाचा, हातात पहार.

"इतक्या हाका मारल्या, चाचा."

त्यांनी कानामागं हात धरला. "मोठ्यानं बोला, बाई. मागाच्या खडखडाटानं कान गेल्यात माझं."

"मग कळलं कसं?" मी ओरडून विचारलं.

"लय वेळ हितंच बसलोय. वाटलं, तुमचं काम चाललंय आत. आत्ता जरा पाठ टेकली शटरला, तर हादरं बसाय लागलं."

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.  मग शटरकडं बोट केलं.

"मला रोज असंच हुतंय," ते म्हणाले. "घरात सगळी बोलत्यात. व्हट हालताना दिसत्यात. आन मी आपला आतच."

मी त्यांचा हात धरला आणि उन्हात बसून राहिले. काही बोलायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि तेवढा आवाज माझ्यात उरला नव्हता.