दहापर्यंत गप

"लक्ष द्या, लक्ष द्या!" म्हटल्याशिवाय जुईच्या आजोबांचं वाक्य सुरू होत नसे. चहा मागतानासुद्धा. तुम्ही रोह्याच्या एसटी स्टँडवर कधी गाडीची वाट पाहिली असेल, तर तो आवाज तुम्हीही ऐकला असेल. पेण, नागोठणे, अलिबाग, कुठलीही गाडी असो, निवृत्त होईपर्यंत माईकवरून तिची घोषणा तेच करत. अशा माणसाची नात चार वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती.

मी पेणची. बोलणं-समजणं उशिरा येणाऱ्या मुलांची स्पीच थेरपी करते. त्यासाठी आठवड्यातून दोनदा रोह्याला जाते. आजोबा वरसे गावातून जुईला घेऊन पहिल्यांदा आले, तेव्हा तिची सगळी माहिती त्यांनी एका दमात सांगितली. "वेखंड लावून झालं, मध चाटवून झाला. आमच्या घरात मुकं कोन नाय, म्याडम. शाळेत घेतील ना हिला?" हे शेवटचं विचारताना मात्र आवाज एकदम खाली आला.

मी जुईला चित्रं दाखवायला घेतली. "जुई, हे काय?"

"केळं!" आजोबा म्हणाले.

"आणि हा?"

"कुत्रा!"

"हे?"

"यष्टी! म्हन गो, यष्टी!"

त्या दिवशी आजोबा पैकीच्या पैकी गुण मिळवून पास झाले. जुई खिडकीबाहेर बघत होती.

"आजोबा, विचारलं की थांबायचं," मी म्हटलं. "दहा अंक मोजायचे. तिला बोलायला जागा तर द्या."

"व्हय," ते म्हणाले, आणि मोठ्यानं मोजायला लागले.

मग मनात मोजायचं ठरलं. मनात मोजतानाही त्यांचे ओठ हलत, भुवया वर जात आणि सातच्या पुढे मान लाल होई. पुढच्या खेपेला त्यांनी अहवाल दिला, "म्याडम, नोकरीत एवढं कष्ट नाय पडलं. आठव्याला घाम फुटतो."

पण माणूस हट्टी. सहा महिने एक खाडा नाही. मी सांगितलं होतं, साबणाचे फुगे उडवायचे आणि तिनं मागेपर्यंत पुन्हा उडवायचे नाहीत. ते बाटली हातात धरून जपाला बसल्यासारखे बसत. जुई त्यांचा हात ओढी, पाय आपटी. ते गप्प.

एका शुक्रवारी माझ्यासमोरच त्यांचा धीर सुटला. दहा झाले असतील, नसतील. "जुई, म्हन ना गो, फु..."

जुईनं तळहात त्यांच्या तोंडावर दाबला आणि स्पष्ट म्हणाली, "गप!"

ती हे कुठून शिकली, ते विचारायची गरज नव्हती. घरी आजी त्यांना दिवसभर तेच सांगत असणार.

"म्याडम," बोटांच्या फटीतून ते म्हणाले, "मला म्हनाली! मला गप म्हनाली!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी स्टँडवर जाऊन ही बातमी माईकवरून दिली म्हणतात. खरंखोटं त्यांनाच ठाऊक.

मग "पाणी" आलं, "दे" आलं, "नको" तर फारच आलं. जुई बोलू लागली तसे आजोबा कमी बोलू लागले. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत राहत. वरशाच्या शाळेत तिला घेतलं, त्या दिवशी माझ्यासाठी पेढे घेऊन आले आणि काहीच बोलले नाहीत.

या पावसाळ्यात ते गेले. दुपारी जेवून झोपले, ते उठले नाहीत.

मागच्या मंगळवारी जुईला तिची आई घेऊन आली. तिनं काळजीनं शाळेची डायरी पुढे केली. बाईंनी लाल शाईनं लिहिलं होतं : वर्गात फार बडबड करते. समज द्यावी. त्याखाली पालकांच्या सहीची जागा रिकामी होती. आधीच्या प्रत्येक पानावर आजोबांची वळणदार, लांबलचक सही होती.

"मी करू ना सही?" आईनं विचारलं.

"कर," मी म्हटलं.

ती जपून, हळूहळू आपलं नाव लिहीत होती, आणि शेजारी जुई मला शाळेतल्या मांजराची गोष्ट सांगत होती. गोष्ट संपतच नव्हती.