मयताची बायको कोण

मी सोलापुरात वकिली सुरू केली तेव्हा कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा नवा कोरा होता. सरकारला गिरणीतल्या माणसांची एकाएकी दया आली होती, आणि सरकारी दया नेहमी कलमांच्या वाटेने येते. कायद्याच्या शेवटी एक तक्ता होता. त्यात माणसाच्या एकेका अवयवाचा भाव ठरवून दिला होता. उजव्या हाताला डाव्यापेक्षा जास्त, अंगठ्याला शेजारच्या बोटापेक्षा जास्त. सबंध माणूसच गेला तर हिशेब पगारावर. म्हणजे मोठ्या पगाराचा माणूस मेला तर तो जास्त मेला, असा त्यातला अर्थ. मंडईत वांगी निवडतानासुद्धा कोणी इतका बारकावा पाळत नाही.

या तक्त्याची बातमी गिरणगावात पसरली आणि माझ्या ओसरीवर माणसं येऊ लागली. मोठ्या वकिलांकडे जायला पैसे लागत, माझ्याकडे फक्त वेळ लागे, आणि तो दोन्ही बाजूंकडे भरपूर होता. एकाने विचारलं, मी डावखुरा आहे, माझा डावा हात गेला तर उजव्याचा भाव मिळेल का? मी तक्ता उलटसुलट पाहिला. कायदा करणाऱ्यांत डावखुरा कोणी नसावा. दुसऱ्याच्या एका डोळ्याने लहानपणीच देवीत राजीनामा दिला होता. त्याला जाणून घ्यायचं होतं की उरलेला गेला तर एका डोळ्याचे पैसे मिळतील की आंधळ्या माणसाचे. एक म्हातारी विचारून गेली की मुलगा मेला तर पैसे आईला की सुनेला. मी म्हटलं, मुलगा कधी वारला? ती म्हणाली, वारला नाही, कामावर गेलाय, पण ठरवून ठेवलेलं बरं.

अशा माणसांची मला सवय होत आली होती. तरी एका रणरणत्या दुपारी जो माणूस आला, त्याच्यासाठी माझी तयारी नव्हती. डोक्याला मफलर गुंडाळलेला, फक्त डोळे आणि नाक बाहेर. सोबत दोन बायका, दोघींच्या कपाळावर कुंकू. तो खांबाआड बसला, रस्त्याकडे पाठ केली आणि म्हणाला, “वकीलसायेब, मी मेलोय.”

मी त्याला पाणी दिलं. मेलेला ते गटागटा प्यायला आणि मग त्याने हकिकत सांगितली.

हे दोघे भाऊ सांगोल्याकडचे. थोरला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. त्याच्या नावाचा पितळी बिल्ला होता. धाकट्यानेही भावाशेजारी उभं राहून काम शिकून घेतलं होतं, पण त्याला बिल्ला नव्हता. गावी मेंढरं कातरायची वेळ आली तेव्हा थोरल्याला जायचं होतं. रजा मागितली असती तर जॉबरने, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाने, साचा दुसऱ्याला दिला असता आणि परत मिळवायला त्याचा हात ओला करावा लागला असता. म्हणून सगळे करत तेच याने केलं. आपला बिल्ला भावाच्या गळ्यात घातला आणि गावी गेला. जॉबरने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. ही न पाहण्याची कला जॉबरला फुकट येत नाही, तिचीही दस्तुरी असते. निम्मी चाळ दुसऱ्याच्या बिल्ल्यावर कामाला जात होती आणि गिरणीचा नफा कोणाच्या नावाने वाढतोय याची मालकांना फिकीर नव्हती.

एका सकाळी धाकट्याचा सदरा साचा फिरवणाऱ्या पट्ट्यात अडकला आणि पट्ट्याने त्याला वर ओढून नेलं. हवालदाराने बिल्ला पाहून नाव लिहिलं. थोरल्याचं. दवाखान्यात धाकट्याच्या बायकोला प्रेत दाखवून विचारलं, हाच का अमुक अमुक? आता आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही आणि थोरल्या दिराचं तर त्याहून घेत नाही. तिने तोंडात पदर कोंबून मान खाली घातली. हवालदाराने लिहून टाकलं की पत्नीने ओळख पटवली. कोणाची पत्नी, हे त्याला पडलेलं नव्हतं. अशा रीतीने धाकटा जळला आणि थोरला मेला.

कंपनीने मात्र कमाल केली. इतर वेळी बोटभर भरपाईसाठी वर्षभर हेलपाटे घालायला लावणारी कंपनी यावेळी आपण होऊन म्हणाली, आम्ही पैसे कमिशनरांकडे भरतो. हे कमिशनर म्हणजे आमच्याच कोर्टातले एक न्यायाधीश, या कामापुरते कमिशनर होत. पैसे भरायचे, त्यांनी मयताची विधवा पाहायची आणि तिला द्यायचे. प्रकरण मिटलं. कंपनीला घाई असण्याचं कारण जॉबर होता. बिल्ल्यांचा हा बाजार सरकारी तपासनिसासमोर उघडा पडायला नको होता.

म्हणून जॉबरने सगळी व्यवस्था लावून दिली होती. थोरल्याने मेलेलंच राहायचं. थोरलीने कोर्टात विधवा म्हणून उभं राहायचं, पैसे घ्यायचे आणि घरी येऊन जावेला द्यायचे. धाकटीला दोन लहान पोरं होती. गावी जमीन होती ती मेंढरांनाही पुरत नव्हती. हे पैसे मिळाले नाहीत तर त्या पोरांच्या पोटाला काही उरणार नव्हतं.

मी थोरल्याला विचारलं, तुला मेलेलं राहणं जमेल का? त्याने खुशाल मान डोलावली. बार्शीला नाहीतर पुण्याला जाईन, नवं नाव घेईन, म्हणाला. पुरुषाला कागदावर मरायला फारसं काही लागत नाही. मफलर पुरतो. हा कंपनीच्या पैशावर आणि बायकोच्या कुंकवावर उदार झाला होता. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय.

मी त्यांना जे खरं ते सांगितलं. खोटं बोलाल तर पैसे लवकर मिळतील आणि उघडकीला आलं तर तुरुंगही लवकर मिळेल. खरं बोलाल तर कंपनी म्हणणार, हा माणूस आमचा नव्हेच. मग भांडावं लागेल आणि मी हरूही शकतो. खोटा अर्ज मी लिहिणार नाही. खरा लिहायचा तर हे वकीलपत्र घ्या. थोरला म्हणाला, विचार करून सांगतो. मेलेल्या माणसाला विचाराला अवधी भरपूर. दोघींनी मात्र वकीलपत्रावर अंगठे उठवले. मी वर लिहिलं, ‘मयताच्या अवलंबितांतर्फे’. कोणता मयत, हे त्या छापील कागदाने विचारलं नव्हतं आणि मी आगाऊपणा केला नाही.

त्यानंतरचे जॉबरचे दिवस थोरलीची समजूत घालण्यात गेले. ती पुढे एकदा एकटी आली तेव्हा तिच्याकडून मला हे कळलं. तो रोज चाळीत येत होता. कोर्टात पांढऱ्या कपाळाने जायचं, बांगड्या उतरवायच्या, मंगळसूत्र काढून ठेवायचं, एवढंच तर आहे, असं तो सांगे. बांगड्या फोडायची गरज नाही, नुसत्या उतरवल्या तरी कायद्याला चालतात, हा त्याचा शोध. त्याने एका भटजींनाही गाठलं होतं. तासाभराच्या वैधव्यावर शांती करता येते, असा शास्त्रार्थ भटजींनी काढून दिला आणि साहित्याची यादीही. शास्त्र इतकं मऊ असल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं. घरोघरच्या खऱ्या विधवांना ते कधी सापडलं नाही.

सगळ्यांची खात्री होती की ही कुंकवासाठी अडली आहे. मलाही तसंच वाटलं. ती माझ्या ओसरीवर बसली होती, दणकट हातापायाची, बोलायला तोडून टाकल्यासारखी. मी म्हटलं, बाई, तुला नको असेल तर मी सांगतो त्यांना. तेव्हा तिने मान हलवली. कुंकवाचं ती बघून घेईल, म्हणाली. तिला दुसरंच विचारायचं होतं. खरी मयताची बायको कोण हे कोर्टात सांगायचा हक्क कोणाला आहे, वकिलाला, जॉबरला, की बायकोला? मी म्हटलं, बायकोला. पिंजऱ्यात उभी राहशील तेव्हा मी तुला एकच प्रश्न विचारीन, तू कोण. पुढचं तुझं तू. ती उठली आणि गेली. काय ठरवलं ते मला सांगितलं नाही.

तारखेच्या दिवशी कंपनीचे वकील सोनेरी चष्म्यासह हजर होते. माझ्याशी हस्तांदोलन करून म्हणाले, आमच्या मालकांचं काळीज मोठं आहे. मी म्हटलं, गावात तशी चर्चा आहे. जॉबर दाराशी नवी टोपी घालून उभा होता. थोरला अर्थातच नव्हता. तो मेला असल्यामुळे बाहेर पानाच्या दुकानामागे बसला होता.

पुकारा झाला आणि थोरली आत आली. कपाळावर कुंकू होतं. नेहमीपेक्षा मोठं, ओलं, नुकतंच लावलेलं. हातभर बांगड्या. जॉबरने टोपी काढून परत घातली. मागे धाकटी होती. तिच्याही कपाळावर कुंकू होतं, पण ते पुसट आणि वाकडं, लावणाऱ्याने आरशात पाहिलं नसावं असं.

मी विचारलं, तू कोण?

“मी बिल्लावाल्याची बायको. माजा मालक जित्ता हाय, भाईर पानवाल्याच्या मागं बसलाय. मेला तो माजा धाकला दीर. ही त्याची बायको.”

सोनेरी चष्मा उभा राहिला. कंपनीचं काळीज त्या क्षणी मूळच्या मापावर आलं. मयत हा कंपनीचा नोकर नव्हताच, परक्याच्या साच्याला हात लावणारा तो आगंतुक होता, कंपनी एक पैसाही देणं लागत नाही, असं ते एका दमात बोलले. मी एवढंच विचारलं की या आगंतुकाने आठवडाभर जे कापड विणलं ते कंपनीने जाळलं की विकलं? न्यायाधीशांनी प्रश्न लिहून घेतला.

निकाल आमच्या बाजूने लागला, हे आत्ताच सांगून टाकतो, कारण मला जे सांगायचंय ते निकालाचं नाही. पुढच्या तारखांना जॉबरची स्मरणशक्ती पार गेली, पण शेजारच्या साच्यावरच्या तेलुगू विणकराने तेलुगूत सांगितलं की जॉबरनेच पोराला तिथे उभं केलं होतं. जॉबर कंपनीचा, म्हणून पोरगा कंपनीचा, असं न्यायाधीशांनी धरलं. पैसे धाकटीला मिळाले. थोरल्याला कंपनीने बिल्ला उसना दिल्याबद्दल कामावरून काढलं. मेलेला होता तोवर त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. जिवंत झाला तेव्हा मात्र शिस्तीचा प्रश्न आला.

पण त्या पहिल्या दिवशी न्यायाधीशांनी थोरलीला विचारलं होतं की बाई, हे आधी का नाही सांगितलंस, आणि आज का सांगितलंस? पैसे तर तुम्हाला मिळतच होते. ते चांगले गृहस्थ होते, त्यांना खरंच कळत नव्हतं. ती कठड्याला धरून उभी होती. ती म्हणाली,

“सायेब, मी विधवा झाले असते की, तासभराचं काय. पर मग हिचा नवरा मेलाच न्हाय की. जॉबरानं सांगितलं, गिरणीचं मानूस कवाबी बघायला यील, हिनं रडायचं न्हाय, कुकू पुसायचं न्हाय, दहावा करायचा न्हाय. नवऱ्याला जाळून आले त्या सांजंपास्नं ही रोज सकाळी कुकू लावून पाण्याला जाती. पोरं इचारत्यात, आबा कुटं गेला, तर म्हणती गावाला. मी पांढऱ्या कपाळानं पैसं आणलं असतं, तर हिला जल्मभर असंच फिराया लागलं असतं. हिला रडू तरी द्या.”

मला त्या जॉबरचा इतका संताप आला की हातातला कायदा त्याच्या टोपीवर आपटावासा वाटला. पण त्याहून जास्त स्वतःची चीड आली, की दोघी माझ्या ओसरीवर बसल्या होत्या तेव्हा मी एकीच्याच कपाळाकडे पाहत होतो.

न्यायाधीश धाकटीकडे वळले आणि त्यांनी हळू आवाजात विचारलं, मेला तो तुझा नवरा?

तिने मान वर केली. व्हय म्हणाली. मग पदराच्या टोकाने कपाळ पुसलं, एकदा, आणि नीट गेलं नाही म्हणून परत एकदा, आणि खाली बसली. आणि मग तिच्या घशातून जो आवाज निघाला तो बाहेर रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण पानाच्या दुकानामागचा मयत धावत दारात आला आणि भावाचं नाव घेऊन तोही ओरडू लागला. थोरली कठड्यातून उतरून जावेजवळ बसली आणि तिच्या बांगड्या एकेक करून फोडू लागली.

पट्टेवाला सवयीने पुढे झाला आणि म्हणाला, ए बाई, आवाज नको, कोर्ट चालू आहे.

न्यायाधीशांनी टाक खाली ठेवला. “रडू दे तिला,” ते म्हणाले. “कोर्ट थांबलंय.”