बिनतक्रार कवळ्या

माझा थोरला भाऊ दातांच्या कवळ्या करतो. दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्याचं बस्तान. डॉक्टर ठसा घेऊन मोकळे होतात. साचा करणं, दात बसवणं, शेवटी तोंडात घालून बघणं, सगळं दादाचं. घासून चकचकीत करायचं काम माझं. म्हणजे गेली वीस वर्षं मी दादाची हुशारी पॉलिश करते आहे.

दादाला स्वतःविषयी शंका म्हणून कधी आली नाही. लहानपणी गोवर, कांजिण्या, गालगुंड सगळं येऊन गेलं, शंका तेवढी राहिली. कवळी बसवली की माणसाला निळा कागद चावायला देतात. जास्त दाब पडतो तिथे डाग उमटतो, तेवढं घासायचं. दादाच्या खणात त्या कागदाचं पाकीट पहिल्या दिवसापासून न फोडता पडलेलं. "कागद नवशिक्यांना लागतो," म्हणायचा. "माझ्या बोटांना कळतं." कुणी चुकून म्हणालंच, की हो, डावीकडे जरा टोचतंय, तर दादा असा बघायचा की तो बिचारा स्वतःच्या हिरडीबद्दल माफी मागायचा. "कवळी बरोबर आहे. तुमचा जबडाच वाकडा आहे." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण थेट अंगणालाच तोंडावर झापणारा माणूस मी दादाच बघितला.

दात सगळ्यांना एकच. सरळ, पांढरे, एका रांगेत. सत्तरीचा सुतार आणि निवृत्त मुख्याध्यापिका, दोघांना एकच हसू. "माझ्याकडची एकही कवळी परत आलेली नाही," हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. खोटं नव्हतं ते. नंतर तपासणीला बोलावलेले लोक जिन्यात थांबायचे, खिशातल्या रुमालातून कवळी काढून तोंडात घालायचे, वर येऊन दादाला हसून दाखवायचे, आणि उतरताना कवळी पुन्हा रुमालात. मी जिन्यासमोरच बसते. एकदा त्याला सांगितलं, तर म्हणाला, "तू घास."

गेल्या वर्षी कवळीसाठी आईचा नंबर लागला. आई माझ्याकडे राहते. दादा दर रविवारी यायचा, आई कवळी घालून बसायची, "छान झालीय हो," म्हणायची, आणि पानं वाढली की नेमकी तिला भूक नसायची. तो गेला की दुधात पाव बुडवून खायची. वर्षभरात तिचे ब्लाउज मी दोनदा टाके घालून घट्ट केले. "सांगतेच त्याला," म्हटलं की, "माझी शपथ आहे तुला. मन मोडेल पोराचं." पोर बावन्न वर्षांचं! तिची तब्येत दादाला दिसत नव्हती असं नाही. "वयानं उतरलीय," म्हणाला. म्हणजे चूक आईच्या वयाची. मीही गप्प बसले. आईची शपथ मला सोयीची होती, हे आता कबूल करते.

एका मंगळवारी दवाखान्यातली वीज गेली म्हणून आम्ही दोघं दुपारीच घरी आलो. आई टेबलाशी पाव बुडवत बसली होती. दादाला बघताच तिनं तोंडावर हात धरला आणि फळीवरच्या डबीकडे धावली. दादानं डबी आधी उचलली. कवळी खिडकीशी नेऊन उजेडात फिरवली. बाकी कशात नसेल, पण दातांत त्याची नजर पक्की. वर्षभर चावायला वापरलेले दात कडांना झिजतात, त्यांवर चहाचा रंग चढतो. हे दात मी घासून दिले तसेच चमकत होते.

"हे वापरलेच नाहीस तू."

"रविवारी घालते की रे."

मला वाटलं, आता जबड्याचं वाकडेपण निघणार. भांडायच्या तयारीतच होते मी. दादा खाली बसला. "कुठे लागतं, आई?" हा प्रश्न त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.  आईनं बोट घालून दाखवलं. एका नाही, तीन जागा.

पुढचे पंधरा दिवस म्हणजे तमाशाच. निळ्या कागदाचं पाकीट फुटलं. घासलं, पुन्हा घासलं, शेवटी ती कवळी फेकून डॉक्टरांना नवा ठसा घ्यायला लावला. एकेक दात मेणात बसवायचा, काढायचा, आणि विचारायचा, "बरोबर वाटतोय का गं?" मला! आईचा जुना फोटो मागवला. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. पोटच्या पोराला ते आठवतही नव्हतं. त्यानं ते तसेच चढवले, जरा वाकडे, जरा पिवळसर.

आईनं आरशात बघितलं. "अगंबाई, मीच की ही!" मग सफरचंद घेतलं, न सोलता कचकन चावलं. दादासमोर रडायची माझी मुळीच इच्छा नव्हती, तरी रडले.

"अजून लागतंय कुठे?" दादानं विचारलं.

"उजवीकडे थोडं," आई खुशाल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खोलीत आल्यावर त्यानं कामाला हात लावला नाही. "आजवर किती कवळ्या झाल्या गं आपल्या?"

"नऊशेच्या वर."

"त्यातली किती माणसं असतील अजून?"

  मी पेशंटांच्या नावा-नंबरांची जुनी वही काढली, पहिला नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.